डोंगरकड्याची पेटी

१२ नोव्हेंबर, बुधवार

दगडोबा आज पेटी टाकून गेले. डोंगरकड्याच्या भजनी मंडळाची. पुढच्या महिन्यात सप्ताह आहे त्यांचा. सोबत मंडळाच्या सहीशिक्क्याचा कागद! "सूर विश्वंभररावांनी स्वतः लावावेत. दुसऱ्याचा हात लागू नये." मागे शहरातल्या एका कारागिराने पेटीची वाट लावली होती, म्हणून ही सावधगिरी. विश्वंभरराव म्हणजे माझे बाबा. त्यांनी मान हलवली, सही केली.

मी पावती फाडून दिली. दोन वर्षांपूर्वी बाबांचे कान गेले, हातही थरथरायला लागला. तेव्हापासून नरसी गावातल्या या दुकानातली प्रत्येक पेटी मीच लावते. बाहेर कोणाला पत्ता नाही.

१४ नोव्हेंबर

करार कायद्याचा पेपर पंधरा दिवसांवर. चव्वेचाळिसाव्या वर्षी वकिलीचं पहिलं वर्ष! सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी मलाच म्हणतात, "मॅडम, लक्ष कुठंय?" आज कलम चाळीस. धान्य पोचवायचं कबूल केलं आणि गडी पाठवला तर चालतं. चित्र काढून देईन म्हणणाऱ्याला मात्र स्वतःच ब्रश धरावा लागतो. वर्ग लिहून घेत होता. मला पेटी दिसत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेटी उघडली. झाकणाच्या आतून बाबांच्या पेन्सिलीच्या नोंदी — तारीख आणि "वि." दरवेळच्या कामाची एक. १९९१ची सापडली आणि काम राहिलंच बाजूला.

शाळेतून आले की बाबा मला समोर पोत्यावर बसवायचे. भाता हलवत एकेक पट्टी दाबायचे. "साधे, कोणता सूर रडून राहिला?" मी ओरडायची, "हा!" मग बाबा आतली पितळी पत्ती कानशीने जराशी खरवडायचे. "आता?" — "अजून कुरकुरतोय." — "आता?" — "हसला!" की गुळाचा खडा मिळायचा. काय ऐट होती माझी! मी तापाने पडले तर दुकानच बंद. "तू नसली की मजा न्हाई," म्हणायचे. कॉलेजात गेले, गावातच लग्न झालं, तरी आमचा खेळ चालूच.

आणि त्यांची ती शिस्त — बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून. पाठीमागून हाक मारली तर वळायचेच नाहीत. सोजराआत्या म्हणायची, "लई मानी हाये तुझा बाप." ते दिवस कोणी परत दिले तर काय हवं ते देईन मी.

१९ नोव्हेंबर

सूर लागले. आता नोंद. पेन्सिल घेऊन बसले, पण "वि." लिहवेना.

बाबांसमोर बसून सावकाश सांगितलं — दगडोबांना खरं सांगणार. भडकलेच! "काहून? सूर बराबर हाये न? मंग कोणाला काय तकलीफ?" तकलीफ ही, बाबा, की लपवाछपवी करून मिळवलेली संमती ही खरी संमतीच नव्हे. करार ठेवायचा की मोडायचा, ते दगडोबांनी ठरवायचं. आपण नाही.

जेवले नाहीत. पन्नास वर्षांचं नाव मातीत जाईल म्हणून. मला काय ती भीती नाही?

२० नोव्हेंबर

सांगितलं. दगडोबा बाकावर टेकले. "म्हंजी दोन वर्सापासून आमी तुझ्या सुरात गाऊन राहिलो?" मी म्हटलं, हो. एकदा वाजवून तरी बघा! पेटीला हात लावला नाही.

"तू चांगलीच लावली असशील, पोरी. पण आमाला जुना सूर पाहिजे. तुझ्या बापाच्या कानाचा. एक्क्याण्णव सालचा. तसा पुन्हा न्हाई कोणाला जमला." मंडळाला विचारून कळवतो म्हणाले आणि उठले.

बाबा सगळा वेळ त्यांच्या ओठांकडे बघत होते.

२१ नोव्हेंबर

अभ्यास शून्य. बाबा दुकानात फिरकले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, यंत्रासाठी. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, कधीपासून? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही दुसरीत व्हती. मला मुदतीचा ताप आला, तवाच सूर गेले. माणसाचं बोलणं तोंडावरून कळायचं. दोन वर्सापासून तर काहीच ऐकू येत न्हाई."

म्हणजे तो खेळ नव्हता.

मी सात वर्षांची होते. अज्ञानाशी, म्हणजे अठराच्या आतल्या पोराशी, केलेला करार मुळातच रद्दबातल — पाठ आहे मला. पण विचारलं असतंत बाबा, तर हो म्हटलं असतं!

उद्या डोंगरकड्याला जाते. त्यांना हवा तो जुना सूर पेटीत लागलेलाच आहे. आत्ता झाकण उघडून एक्क्याण्णवच्या "वि." शेजारी पेन्सिलीने लिहिलं — साधना, इयत्ता पाचवी.