रबरावरची बोटं

शनिवार, संध्याकाळ

आमचा रोहित देवाघरी गेला तेव्हापासून त्याची दोन सीटांची स्पोर्ट्स कार दारात उन्हात उभी आहे. खिडक्यांचं रबर पांढरं पडलं. उद्या गिऱ्हाईक येणार. पॉलिश कशाला विकत आणायचं, म्हणून काल समईच्या तेलानं घासून काळंभोर केलं; माझीही बोटं काळी झाली. आज सकाळी बघते तर ड्रायव्हरच्या खिडकीखाली पाच बोटं उमटलेली! निघताना तिथंच हात टेकून “येतो गं आई” म्हणायचा.

मग चहा देताना ह्यांची बोटं काळी दिसली. “विकून टाकू, नजरेसमोर नको,” म्हणणारे हेच.

“हात कशानं भरले हो?”

“सायकलच्या चेनीनं.”

सायकल तर केव्हाच भंगारात दिली.

ती बोटं काही पुसवत नाहीत. गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं. ह्यांना अजून बोलले नाही.