विमानावर नारळाचे पाणी मी शिंपडले

प्रति,
मा. उपसंचालक,
हौशी विमान तपासणी कक्ष,
विभागीय कार्यालय, मुंबई.

विषय : घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या वायरिंगमधील बिघाडास मी जबाबदार असल्याचे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या अधिकाऱ्यांचा दि. ९ डिसेंबर २०२५ चा तपासणी शेरा.

महोदय,

मी खाली सही करणारी सौ. सुगंधा सहदेव राऊळ, वय ६३, राहणार मुलुंड पूर्व. माझे यजमान सहदेव राऊळ बस डेपोच्या विद्युत विभागात एकतीस वर्षे नोकरीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका बंद कारखान्याच्या गाळ्यात सदर विमान बांधायला घेतले. ते उडवणार आमची मुलगी दिशा, तिच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे. मला विमानातले फार कळत नाही, कीर्तनातले कळते. तेव्हा पूर्वरंग जरा लांबला तर सांभाळून घ्यावे.

१. चार वर्षांपूर्वी यजमानांना काचबिंदू निघाला. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाही. नजर जाणार हे कळल्यावर त्यांनी झालेले सगळे वायरिंग काढले आणि हाताला कळेल असे पुन्हा बांधले. दोन स्क्रू काढले की पुढचे पॅनल पेटीच्या झाकणासारखे खाली येते. प्रत्येक तार वीतभर जास्त ठेवली आहे, म्हणजे ओढून हातात घेता येते. तारांचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधले आहेत. पेट्रोलच्या पंपाला एक गाठ, दिव्यांना दोन, रेडिओला तीन. डेपोत एका दिव्याच्या तारेसाठी अर्धा डॅशबोर्ड उचकटावा लागे, तो राग त्यांच्या मनात होताच. "जेच्यार हात पोचणा नाय, ती तार देवाच्या भरवशार. आणि देवाक दुसरी कामां आसत," असे ते मला मुद्दाम ऐकवत. मी रागवायची. पण त्यांची बोटे त्या गाठींवरून फिरताना पाहिली की मला जपमाळच आठवायची.

२. दि. १ ऑक्टोबर रोजी खंडेनवमी होती. दिशा त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. मी एकटीच गाळ्यात पूजेला गेले. "बाहेरून कुंकू लाव, बाकी काय करू नको," असे यजमानांनी बजावले होते. परंतु पॅनल उघडेच होते, आणि आतले ते नीट बांधलेले वायरिंग पाहून मला भरून आले. बाहेरच्या पत्र्याला तीर्थ आणि ज्याच्यावर माझ्या लेकीचा जीव राहणार त्याला काही नाही, हे मनाला पटेना. मी नारळ फोडला आणि आंब्याच्या पानाने त्याचे पाणी आत शिंपडले. सढळ हाताने शिंपडले. नंतर पदराने पुसले, पॅनल वर करून लावले आणि घरी येऊन सर्वांना प्रसाद दिला.

३. त्यानंतर डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे यजमानांना दोन महिने गाळ्यात जाता आले नाही. तपासणीच्या दिवशी आपल्या अधिकाऱ्यांसमोर पंप सुरूच झाला नाही. पंपाच्या तारा जिथे जुळतात त्या पितळी जोडावर हिरवा थर आढळला. "उघडता येणारी रचना सदोष, सर्व वायरिंग कायम बंद आवरणात घ्यावे," असा शेरा त्यांनी दिला. ते अत्यंत सभ्य होते, माझी त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. तक्रार असलीच तर माझी माझ्याबद्दल आहे.

४. यजमानांनी तो दोष स्वतःच्या हाताला लावून घेतला. बोटांचा घाम लागून जोड खराब झाला असे ते म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी गाळ्यात जातात आणि दोन-चार गाठी सोडतात. "माका आता बोटांचो भरवसो नाय गो. पोरीक ह्येच्यात कसा बसवू?" असे म्हणतात. शेपटीकडच्या गाठी सुटल्या आहेत. पॅनलमागच्या तेवढ्या उरल्या आहेत.

५. दि. २० डिसेंबर रोजी देवळात कीर्तन होते. झाकलेल्या चुकीचे ओझे घरातला दुसराच कोणीतरी वाहत असतो, असे बुवा उत्तररंगात म्हणाले. पुढचा गजर मला म्हणता आला नाही. सकाळी मी यजमानांसमोर सगळे कबूल केले. साहेब, त्यांनी विश्वासच ठेवला नाही! "माका बरा वाटूचा म्हणून खोटा बोलतंस. बेचाळीस वर्षां बघतंय मी तुका," म्हणाले आणि उलट माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

६. मग मी पुरावा केला. दोन नवे जोड आणले. एकाला नारळाचे पाणी लावले, दुसऱ्याला दिशाचा घाम, त्यासाठी ती सात मजले दोनदा चढली. तीन आठवड्यांनी नारळाचा हिरवा झाला, घामाचा जवळजवळ तसाच आहे. पण यजमानांना रंग दिसत नाही. बोटाने खरखर लागली तर म्हणाले, "मायलेकी एक झालात." आता त्यांचा विश्वास उरला आहे तो फक्त सरकारी कागदावर.

सबब नम्र विनंती की, सोबतचे जोड तपासून दोष रचनेचा नाही, यजमानांच्या हाताचाही नाही, तो माझा आहे असा लेखी निर्णय व्हावा. वायरिंग कायम बंद करण्याचा शेरा मागे घ्यावा. ते उघडता येत होते म्हणून तर हिरवा थर सापडला. बंद असते तर तो दिशाला वर गेल्यावर कळला असता. आणि हे पॅनलमागच्या गाठी सुटायच्या आत व्हावे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. यापुढे खंडेनवमीला फक्त एक फूल वाहीन, तेही बाहेरून.

शेवटची एक विनंती. आपले पत्र त्यांना मीच वाचून दाखवणार, आणि मी मनचे वाचते असे त्यांना वाटणार. म्हणून त्यावरचा शिक्का शाईचा नसावा. कागदावर उठणारा असावा, म्हणजे त्यांच्या बोटाला कळेल.

आपल्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. सुगंधा सहदेव राऊळ
मुलुंड पूर्व, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१. विमानातून काढलेला पंपाचा जोड
२. नारळपाण्याचा जोड (लाल दोरा बांधलेला)
३. घामाचा जोड (पांढरा दोरा बांधलेला)
४. तपासणी शेऱ्याची प्रत