बादलीभर नीळ

१९ ऑक्टोबर, रविवार
दाखला अडला! जुनं घर पाडून चार मजले उठले, रंगही झाला, आणि महापालिकेच्या लमीसबाई म्हणतात राहायला जायचं नाही. आधी अबू सख्रला रस्त्यावरची वाळू झाकायला लावली, मग चिखलाच्या बुटांनी थेट गच्चीवर. "गच्चीचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात जातं असं नकाशात आहे. मला डोळ्यांनी बघायचंय."
अबू सख्र हसला. कंत्राटदार आहे, हसणारच. "इंजिनियरबाई, अम्मानला पाऊस पडतो तो किती? पाच दिवस!"
"त्या पाच दिवसांतच खालच्यांच्या घरात पाणी शिरतं."
चौदा महिने भाड्याच्या खोलीत काढलेत, राग आलाच. पण तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोग केल्याशिवाय उत्तर न लिहिणाऱ्या मुली दोनच भेटल्या. ही तिसरी.

२१ ऑक्टोबर
अबू सख्रने लमीसबाईंपुढे कनाफाचं ताट धरलं. "मला गोड चालत नाही. पाणी दाखव." ताट रंगाऱ्यांनी फस्त केलं. वा!

२२ ऑक्टोबर
ढग. गच्ची झाडून घेतली. आईची रीत – पहिलं पाणी सोडून द्यायचं, दुसरं टाक्यात.

२६ ऑक्टोबर
लमीसबाईंनी पिशवीतून काय काढावं – कपड्यांची नीळ! बादलीत कालवून गच्चीच्या नळीत ओतली, वर आणखी सहा बादल्या पाणी. आम्ही टाक्याच्या तोंडाशी वाकून उभे. दहा मिनिटं. टाकं कोरडं ठणठणीत!
बाई जिना-गल्ली उतरू लागल्या. आम्ही मागे. नव्वद पायऱ्या. तळाशी उम्म हाझिमचं दार, दारासमोर गटाराचं झाकण. अबू सख्रकडूनच उचलवलं.
आत निळं पाणी वाहत होतं.
उम्म हाझिम खिडकीतून बघत होती. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. दर हिवाळ्यात गटार उफाळून तिच्या घरात शिरायचं. लेकीच्या लग्नाच्या गाद्यासुद्धा गेल्या. ती म्हणायची, वरून येतं. मी म्हणायचे, तू गटार साफ ठेव.
मी अबू सख्रला तिथेच झाडलं. "लाज वाटत नाही? गटारात पाणी सोडून खालच्यांची घरं बुडवतोस!" त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली. एरवी किती तोंड चालतं त्याचं!
लमीसबाई म्हणाल्या, "खोदा. नळी टाक्यात वळवा. तोवर दाखला नाही." टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एका माणसाने नियम मनापासून पाळला की शहर सुधारतं, ते हे असं.

२७ ऑक्टोबर
अंगण खोदलं. नवी नळी एका जुन्या नळीला जोडलेली, जुनी थेट गटारात.
ती नळी माझी. टाक्यामुळे भिंतीला ओल येते म्हणून चौदा वर्षांपूर्वी मीच गवंड्याकडून घालून घेतली होती. ऑगस्टमध्ये अबू सख्रने विचारलं, "मास्तरीणबाई, जुन्या नळीला जोडू?" मी म्हटलं, "जोड, चांगली आहे." आणि साफ विसरले. गेल्या हिवाळ्यात उम्म हाझिमचं घर कोरडं राहिलं – माझं पाडलेलं होतं!
"काल बोलला का नाहीस?"
"उम्म हाझिमच्या देखत, मास्तरीणबाई?"
लमीसबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या तपासणीच्या कागदात हे लिहायला जागा नाही. खाली जाऊन सांगा."
आभाळ भरलंय. नव्वद पायऱ्या. निघते.