थोरलीची शीग

ता. ३ मार्च

चि. धाकूस, अ. उ. आ.

तुझं शिवणयंत्र सुरू झालं का? आईच्या गुडघ्याचं कळव.

इकडे शब्दकोशाच्या कामात आम्ही 'श'वर आलोय. परवा माझ्या टेबलावर 'शीग'चं कार्ड आलं. उत्सुकता शिगेला पोचते हे सगळ्यांना ठाऊक, पण नुसती शीग कुणाला माहीत नसते. अर्थ मी झटकन लिहिला: माप काठोकाठ भरल्यावर वर राहतो तो ढीग. वापराचं वाक्य मात्र चार वेळा खोडलं. साहेबांनी विचारलं, एवढ्याशा शब्दाला दोन दिवस?

त्यांना काय सांगू, कप्पाळ! शाळेतून आलो की आई वाटीने शेंगदाणे द्यायची. तुझ्या वाटीवर ही एवढी शीग. माझ्या वाटीवरून मात्र बोट फिरवायची आणि वरचे दाणे परत डब्यात. पन्नाशी उलटली तरी आठवलं की जळफळाट होतो. हो, जळते मी तुझ्यावर, हस खुशाल! पण आईला एकदा विचार, माझंच माप का सपाट करायची? मला धीर होत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

यंत्र सुरू आहे. गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. आधी म्हणाली, कार्टी अजून तश्शीच आहे. मग म्हणाली, थोरली पहाटे अभ्यासाला उठायची, तिला भूक लागायची. समोर दिलं असतं तर निम्मं धाकटीनेच लाटलं असतं. म्हणून तिची शीग वेगळ्या डब्यात. परीक्षेच्या दिवसांत पहाटे तुझ्या दप्तरात दाण्यांची पुडी निघायची ना? ती हीच.

म्हणजे माझी शीग तिथल्या तिथे फस्त, आणि तुझी रोज साठत होती! ऐकल्यापासून माझ्याच पोटात दुखतंय. गुडघे मी चोळायचे आणि पुड्या तुला! मला एकही मिळाली नाही, ताई. आता तू हस.

रागावले असले तरी तुझीच,
धाकू

ता. १७ मार्च

चि. धाकूस, अ. उ. आ.

हसू कुठलं, रडले. ती पुडी बाबा ठेवतात असं समजून मी त्यांच्याच गळ्यात पडायचे. आई तिथेच उभी असायची. एका शब्दाने बोलली नाही गं.

कार्ड पुरं केलं. वाक्य लिहिलं: 'आईने थोरलीची शीग काढून ठेवली.' साहेबांना पसंत पडलं.

सोबत दाण्यांची पुडी पाठवतेय. सगळी तुझी. फक्त आईसमोर उघडू नकोस, त्यातलीही मूठभर ती माझ्यासाठी काढून ठेवेल.

तुझी ताई