चांदसाबचं 'मग?'

७ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच: चंद्रिका. दहावीतली माझी एकुलती एक मुलगी मला दिवसाला सरासरी तीन शब्द देते, तेही 'हं' हा शब्द धरला तर.

आणि शाळेच्या रिक्षावाल्या चांदसाबला? आज माझ्या भांड्यांच्या दुकानासमोरून रिक्षा गेली. पोरगी पुढं वाकून, हातवारे करून बोलत होती. सात रस्त्याच्या सिग्नलपर्यंत तोंड बंद नाही. मला राग आला नाही. फक्त दोन गिऱ्हाइकांना चुकीचे कुकर दिले.

८ जुलै
पूनम म्हणाली, तुम्ही जळताय. बायको आहे, काहीही म्हणते. मी जळणार? रिक्षावाल्यावर?
मोबाइलवर पालकत्वाचा व्हिडिओ पाहिला. भावना ओळखा, तिला नाव द्या, मग आवरा. माझ्या भावनेचं नाव: काळजी.

१० जुलै
रिक्षा बंद केली. सोडायला-आणायला मीच, स्कूटरवर. वीस मिनिटं बाप-लेक, अगदी मनमोकळं. काही विचारलं की चंद्रिका म्हणते, हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही अण्णा. उत्तर मात्र लगेच देते.

१४ जुलै
निव्वळ माहितीसाठी चांदसाबला स्टँडवर गाठलं. पोरगी तुझ्याशीच कशी बोलते, असं विचारलं. म्हणाला, मी कुटं काय करतो मालक, पोरगी बोलती, मी रस्ता बघतो, मधनंमधनं 'मग?' म्हन्तो. लई गुणाची हाय की पोरगी. हे तो मला सांगतो!
एका शब्दाचा तर खेळ. आरशासमोर तीस वेळा म्हणून पाहिलं. मग. मग? मऽग?

१५ जुलै, संध्या. ६
चंद्रिका भाकरी-शेंगाचटणी खात होती. समोर बसून म्हणालो, मग?
तिनं विचारलं, मी काय केलं?
मी म्हणालो, कुठं काय, मग?
तिनं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?
असं करत करत बाहेर आलं. गणितात वीसपैकी सहा. अकरावीला सायन्स नको, कॉमर्स हवं. चांदसाबला हे रिक्षा बंद करायच्या आधीपासून ठाऊक. मला राग आला नाही. फक्त पाऊण तास बोललो. पूनम म्हणते, शेजारच्या शिवकुमारनी टीव्ही बंद करून ऐकलं.
मार्कांचं मला एवढं वाईट वाटत नाही. आधी त्याला सांगितलं, ते सहन होत नाही.

२० जुलै, रविवार
स्कूटर पंक्चर. दुकानातून घरी यायला नेमकी चांदसाबचीच रिक्षा मिळाली. गप्प बसायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, मग?
आसरा चौकापर्यंत मीच बोलत होतो. बालवाडीत असताना ती दुकानात पातेली बडवायची, दर दोन मिनिटांनी अण्णा, अण्णा करायची, सगळं सांगितलं. चांदसाबनं मागं वळून पाहिलं नाही. डोळ्यांत धूळ गेली. उतरलो तर फाटकात चंद्रिका.

नंतर ती आपणहून माझ्याशेजारी येऊन बसली. किती महिन्यांनी! म्हणाली, चाचांच्या रिक्षातून आलात, डोळे लाल होते तुमचे. मग?
किती मऊ म्हणाली. अगदी त्याच्यासारखं.
मी म्हणालो, मग काय? गणिताची वही आण.
तिनं वही आणून समोर ठेवली. जाताना तीन शब्द बोलली: रिक्षा परत लावा.