सगळ्यात आंबट

सोमवार, ५

ह्यांच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त. बेसिन लाल, तसंच सोडलेलं — पुसायला मी आहेच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फळाला हात लावत नाहीत, क जीवनसत्त्व कमी पडतंय. कुठल्याही रूपात द्या, पण द्या."

औषधवाल्याने सगळं समोर मांडलं. संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी. पाण्यात फसफसणारी. नुसती गिळायची. आंबटपणा काढलेली, पोटाला सोसणारी. आणि साधी पूड. "ही तेवढी नको काकू, जाम आंबट. नेलीत तर भरपूर पाण्यातून द्या. कोरडी घेतली तर दात आंबतील."

पूड घेतली.

मंगळवार, ६

कोरडीच दिली. "अशीच घ्यायची," म्हटलं. आणि तोंड वाकडं होताना बघायला समोर बसले. गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या तापातून उठल्यापासून हे ताट सरकवतात, "तुझ्या हाताची चव गेली" म्हणतात — तेव्हा माझं तोंड कसं होतं, ते एकदा त्यांच्याही तोंडावर बघायचं होतं.

चमचा चाटूनपुसून घेतला. कपाळावर आठी नाही! वर म्हणाले, "कालची भाजी म्हणजे नुसता पुठ्ठा होती."

बुधवार, ७

चमचा शीग लावून भरला. ढिम्म! मुद्दाम करतायत. मला तेवढंही सुख मिळू द्यायचं नाही.

शुक्रवार, ९

छापखान्याच्या कँटीनची मालकीण घरी आली. स्वयंपाकीण सोडून गेली, तुम्ही परत या म्हणाली. पूर्वी मीच तिथे रांधायचे. ह्यांचं ऐकून ऐकून माझाच माझ्या हातावरचा विश्वास उडाला, म्हणून सोडलं. "अहो, तुमच्या भाजीची लोक अजून आठवण काढतात!" मला रडूच फुटणार होतं.

हे आतून ओरडले, "घरच्या एका माणसाला गिळवत नाही, अख्ख्या छापखान्याला कशाला छळतेस?"

स्वयंपाकघरात जाऊन भाजी चाखली. मला छान लागली. पण माझ्या जिभेचं काय खरं? बाहेर येऊन नाही म्हटलं. ती दाराशी थोडी रेंगाळली, मग गेली.

मेले, एकदा तरी ओकले असते त्या पुडीने!

सोमवार, १२

कँटीनला दुसरी मिळाली.

मंगळवार, १३

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हे बाहेर बूट घालत होते. पूड कोरडी देते म्हटल्यावर बाई ओरडल्या, "दात जातील त्यांचे! आणि आंबट लागत नाही म्हणून ते सांगणारही नाहीत. चव गेली ना त्यांची, तेव्हाच्या तापात. तुम्हाला बोलले नाहीत अजून? मला म्हणाले होते, बायकोला सांगू नका — कळलं तर काहीही शिजवून पुढ्यात टाकेल, जरा धाकात राहू दे."

माझ्या हाताची नव्हती गेली.