सुरयांची पाळत

प्रिय धाकटे,

हे पत्र एकटी असताना वाच. तुझा नवरा आसपास असेल तर त्याला काहीतरी आणायला बाहेर पिटाळ. त्याला दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव. फोनच केला असता, पण हल्ली घरातून फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी मागच्या खोलीत कुजबुजले तरी पुढून विचारणा होते, कोणाशी बोलतेस म्हणून.

घरात कसं चाललंय ते विचारूच नकोस. कप जागेवरून कोणी हलवला, कंगवा कोणी लपवला, चपला उलट्या कोणी ठेवल्या, रोज एक नवा खटला आणि आरोपी मी एकटीच. परवा चहा ओतताना निम्मा टेबलावर गेला, तर म्हणे टेबल कोणी सरकवलं? मला हसू आलं, तर दिवसभर अबोला. आणि खरं सांगू, याची लागण होते बाई. मलाही आता सगळ्यांचा संशय यायला लागला होता. तुझ्यासकट.

कारण तुला ठाऊक आहे. मासळी आटल्यापासून आपली बोट आणि तुमची बोट रोज बरोबरीने धक्क्याला लागतात. मी शेडमध्ये वजनकाट्यावर उभी असते, दोन्ही बोटींच्या पाट्या माझ्या हाताखालून जातात. तीच जात, तोच आकार. एकाच जागेची मासळी मला कळणार नाही होय? बाबांचं म्हणणं, जागा आम्ही शोधायची आणि जावईबापूंनी आयतं येऊन टपकायचं, म्हणजे आपल्या बोटीवरूनच कोणीतरी खबर देतंय. बोटीवर बाबांशिवाय असतात फक्त इंजिनकाका. आपल्या दोघींना खांद्यावर घेऊन धक्काभर हिंडवणारे इंजिनकाका. शनिवारपर्यंत कबूल झाले नाहीत तर त्यांना बोटीवरून उतरवणार, असं बाबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. काका तेलाचे हात पुसत राहिले. या वयात त्यांना दुसरी बोट कोण देणार? मला रात्री झोप लागेना.

मग मीच तपास हाती घेतला. एके सकाळी काकांचा मोबाइल चार्जिंगच्या निमित्ताने शेडमध्ये ठेवून घेतला. संध्याकाळी दोन्ही बोटी पुन्हा जोडीने हजर. म्हणजे काका सुटले. त्यानंतर तुला सहज बोलल्यासारखं सांगितलं ना, की बाबा उद्या दक्षिणेला जाणारेत? ती थाप होती. ते निघाले होते उत्तरेला. रागावू नकोस, तुझी परीक्षा घेत होते. पण तुमची बोट दक्षिणेला गेलीच नाही, पुन्हा तीच मासळी घेऊन आली. तूही सुटलीस. मग उरला तुझा नवरा. तो मागावर राहत असणार, दुसरं काय! आधीच त्याच्याबद्दल माझं मत तुला माहीत आहे. बोटीला तो भडक नारिंगी रंग फासला तेव्हा अख्खा धक्का हसला होता. त्यात सायलेन्सर फुटून वर्ष होत आलं तरी दुरुस्त करायचं नाव नाही. पहाटे त्याचं इंजिन सुरू झालं की पाळण्यातली पोरं रडत उठतात. मी म्हणायचे, माज आहे, आणखी काय.

शुक्रवारी मी काकांना मदतीच्या नावाखाली बोटीवर चढले. बाबांना आवडलं नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. किती वर्षांनी गेले गं मी! आठवतं, बाबा आपल्याला पुढच्या टोकाला बसवून सुरय पक्षी दाखवायचे? पांढरेशुभ्र, डोक्यावर काळी टोपी. मासळी उदंड असायची तेव्हा ते समुद्रभर विखुरलेले दिसायचे, ज्याला जिथे मिळेल तिथे तो एकटाच सूर मारायचा, दुसऱ्याची फिकीर नाही. टंचाईच्या वर्षी मात्र बाबांनी आपल्याला वेगळं दाखवलं होतं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे अंतर ठेवून उडायचे, पण प्रत्येकाला शेजारचा दिसला पाहिजे एवढंच अंतर. एकाने पंख मिटून सूर मारला की शेजारचा वळायचा, मग त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता सगळं आभाळ त्या जागी गोळा व्हायचं. तू विचारलं होतंस, ते मित्र आहेत का एकमेकांचे? बाबा म्हणाले होते, मित्र कसले, पाळत ठेवतात एकमेकांवर. मला ते बरोबर लक्षात राहिलं होतं.

त्या दिवशी सुरय तसेच उडत होते. एकेक करून वळले आणि आमच्या डाव्या हाताला, अगदी समोर म्हणावं इतक्या जवळ, पाण्यावर नुसता पाऊस पडावा तसे सूर मारायला लागले. बाबांनी विचारलं, काय गं, काही दिसतंय का? आवाज तोच, लहानपणी परीक्षा घेतानाचा. आणि मी गप्प बसले. मला वाटलं, हे मला जोखतायत. उत्तर दिलं तर म्हणतील, हिला जागा कळतात, म्हणजे हीच फितूर. बाबांनी सुकाणू हललंही नाही असं धरून ठेवलं. सुरयांचा तो थवा मागे पडला. मी काकांकडे बघितलं, तर ते इंजिनाकडे बघत होते.

मग लांबून तो आवाज आला. फुटक्या सायलेन्सरचा. तुमची बोट मागून नाही आली, पुढून आली, आडवी. बाबांनी मान कलती केली, क्षणभर ऐकलं, मग त्या नारिंगी ठिपक्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, आला बघ चोर. असं म्हणत त्यांनी आपली बोट त्याच्यामागे वळवली. तुझ्या नवऱ्याने वेग कमी केला. आम्हाला त्याच सुरयांपर्यंत नेलं, आम्ही पुढे होईपर्यंत इंजिन तसंच भडभडत ठेवून थांबला आणि आमचं जाळं पाण्यात पडल्यावरच त्याने स्वतःचं टाकलं.

मी तिथे बसून रडले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय म्हणाले. कप, कंगवा, चपला, टेबल... धाकटे, माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं सगळं, आणि मी चोर शोधत हिंडत होते. काकांना ठाऊक होतं, म्हणूनच ते आरोप पोटात घालून उभे राहिले. बाबांना स्वतःला ठाऊक आहे का, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. तो माणूस कबूल करणार नाही. जावयाच्या मागे मागे जातो म्हणण्यापेक्षा जावई चोर म्हणणं त्यांना सोपं. पण तुला ठाऊक होतं. नारिंगी रंग तू निवडलास, असं रंगवाल्याकडून काढून घेतलंय मी. बहिणीला सांगावंसं वाटलं नाही तुला? याचा राग आहे मला, आणि तो इतक्यात जायचा नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं. आज शनिवारी धक्क्यावर काकांना उभं केलं, तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं की खबर मीच देत होते. काका काही बोलायला गेले, मी त्यांचा हात दाबला. सगळा धक्का बघत राहिला. बाबांनी बराच वेळ माझ्या दिशेने तोंड करून ठेवलं, आणि म्हणाले, "उद्यापासून शेड बंद. तू बोटीवर यायचंस. माझ्या डोळ्यांसमोर." तेव्हा उद्यापासून मी जाणार आहे. त्यांनी विचारलं, काय दिसतंय, की यापुढे सगळं सांगणार आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं बघतेच, पण त्यासाठी त्यांची थोडी समजूत घालावी लागेल. तुझ्यावर आणि तुझ्या नवऱ्यावर आता आळ उरला नाही, तो माझ्याकडे आलाय, तिथेच राहू दे. फक्त मी नवखी आहे, समुद्रावर माझ्याही चुका होतील. म्हणून हे पत्र आता त्याला दे वाचायला, आणि त्याला म्हणावं, ताईने हात जोडून सांगितलंय, तो सायलेन्सर एवढ्यात दुरुस्त करू नका.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
ताई